‘ऊष्मन्’ ते ‘अप्रकट उष्मा’ : वाफेच्या शब्दांचा पूर्वेतिहास

वर्धा नदीच्या काठी, मुंबई–नागपूर लोहमार्गावर वसलेल्या पुलगावास हे नाव नदीवरील रेल्वेच्या पुलामुळे पडले, असे सांगितले जाते. हा लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला. त्यावरून धावू लागलेल्या वाहनास मराठीने ‘आगगाडी’ म्हटले. समुद्रावरील तशाच वाहनास ‘आगबोट’ हे नाव त्याआधीच मिळालेले होते. इंग्रजीत मात्र त्याच जहाजाचे नाव ‘स्टीमर’. एका भाषेला आग दिसली, दुसरीला वाफ. हा भेद केवळ नामकरणाचा नव्हे. उष्णता पदार्थांतून कशी प्रवास करते, या प्रश्नाशी त्याचा संबंध पोहोचतो.

एंजिनात चाक फिरवते ती आग नव्हे. कोळशाची उष्णता बाष्पकाच्या लोखंडातून वहनाने आत येते, पाण्यात अभिसरणाने पसरते. आणि पाणी उकळू लागले की तापमापकातील पारा जागचा हलत नाही, उष्णता मात्र शोषली जातच असते. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापविण्यास १०० कॅलरी पुरतात, पण त्या उकळत्या पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारे ५४० लागतात. ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक याने १७६१ च्या सुमारास या लपलेल्या उष्णतेचा उलगडा केला. समुद्रावरून उठणारी वाफ सूर्याची उष्णता अशीच पोटात घेऊन वर जाते आणि मेघ बनताना ती हवेस परत करते. पर्जन्यचक्र हे पाण्याचे तितकेच उष्णतेचेही चक्र होय.

संस्कृतातील ‘ऊष्मन्’ हा शब्द ‘उष्’ म्हणजे जाळणे या धातूपासून आला. त्याचे अर्थ दोन : उष्णता आणि ऊन वाफ. गीतेच्या अकराव्या अध्यायात पितरांना ‘ऊष्मप’ म्हटले आहे. उष्ण अन्नाची वाफ पिणारे, असा त्याचा अर्थ. शिक्षाकारांनी श, ष, स, ह यांना ‘ऊष्म’ वर्ण म्हटले ते मुखातून सुटणाऱ्या उष्ण श्वासावरून. ‘बाष्प’ हा दुसरा शब्द. त्याचे अर्थ अश्रू आणि वाफ. प्राकृतातील ‘बप्फ’ या रूपातून मराठीची ‘वाफ’ आली. उष्णता आणि वाफ या दोन वस्तू ‘ऊष्मन्’ शब्दाने वेगळ्या केल्याच नाहीत.

मराठी बोलण्यातही ही सांगड टिकून आहे. मोदक उकडतात ते वाफेवर, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी माणसे म्हणतात तेही ‘उकडते आहे’. वैशाखातील कोरड्या झळांस ‘उकाडा’ हा शब्द तितकासा लागू पडत नाही. तेथे ‘रखरख’ शोभते. दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून अंगातील उष्णता बाहेर पडत नाही. हा भेद बोलीने नेमका टिपला आहे. वऱ्हाड-वर्ध्याच्या काळ्या जमिनीत पाऊस पडून गेल्यावर ओल आणि हवा यांचा मेळ बसला, म्हणजे शेतकरी ‘वाफसा’ आला म्हणतो आणि पेरणीस लागतो. या शब्दाचे वाफेशी असलेले नाते उघड दिसते.

यावरून प्राचीनांना ब्लॅकचा सिद्धान्त ठाऊक होता, असा निष्कर्ष काढणे मात्र साहसाचे ठरेल. शब्दात दोन अर्थ एकत्र नांदणे निराळे आणि त्यांतील प्रमाण मोजणे निराळे. तापमान आणि उष्णता यांची फारकत केल्यावाचून ब्लॅकला पुढे जाताच आले नसते. ‘ऊष्मन्’ शब्दात तशी फारकत नाही.

विसाव्या शतकात परिभाषा घडविण्याचे एक मोठे केंद्र पुलगावापासून दूर नव्हते. मध्यप्रांत-वऱ्हाडात हिंदी व मराठी या दोन्ही भाषा राज्यकारभारात आणावयाच्या असल्याने डॉ. रघुवीर यांनी नागपुरात संस्कृत धातूंवरून सहस्रावधी शब्द सिद्ध केले. त्यांच्या पद्धतीवर क्लिष्टतेचा आरोप झाला व तो सर्वस्वी निराधार नव्हता. तथापि दोन भाषांना एकच शब्द पुरवावयाचा तर संस्कृताखेरीज कोणता आधार घ्यावा, याचे उत्तर टीकाकारांनी क्वचितच दिले. महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकांत आज ‘अप्रकट उष्मा’ ही संज्ञा रूढ आहे. तीत ‘ऊष्मन्’चा वाफेचा अर्थ गळून केवळ उष्णतेचा उरला, आणि त्या संज्ञेने दाखविलेली वस्तू मात्र पुन्हा वाफेशीच जोडलेली. मे महिन्यात पुलगावच्या घरी रांजणातील पाणी गार होते ते याच अप्रकट उष्म्यामुळे : मातीतून पाझरलेला थेंब उडून जाताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जातो. आषाढात हवाच बाष्पाने भरलेली असते, थेंब उडत नाही, आणि तोच रांजण निरुपयोगी होतो.