कूलिंग टॉवरचे लाकूड आणि खारपाणपट्ट्याचे पाणी

वऱ्हाडात टिकाऊ लाकडाचा विषय निघाला की बोलणे परतवाड्याच्या बाजारावर आणि मेळघाटच्या सागावर येऊन थांबते. दारे-खिडक्यांपुरते ते ठीक आहे. कूलिंग टॉवरमध्ये मात्र लाकडावर दिवसरात्र कोमट पाणी कोसळत असते. तिथे लाकडाची जात ठरवण्याआधी पाणी तपासावे लागते.

पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. त्याचे भूजल खारट, आणि अनेक ठिकाणी सोडियम बायकार्बोनेटयुक्त. फिरते पाणी 10 अंश सेल्सिअसने थंड करताना त्याचा साधारण पावणेदोन टक्के भाग वाफ होऊन जातो. क्षार मागे राहतात आणि दाटत जातात. हवेशी घुसळण झाल्याने कार्बन डायऑक्साइड निसटतो व सामू वर चढतो. असे अल्कधर्मी पाणी लाकडाचे तंतू सांधणारे लिग्निन विरघळवते. शेवाळ मारण्यासाठी सढळ हाताने ओतलेले क्लोरीनही तेच करते. टॉवरच्या भरावातल्या लाकडी पट्टीचा पृष्ठभाग पांढरट, केसाळ होतो, धागे वाहून जातात आणि पट्टी झिजत जाते. हे रासायनिक नुकसान कोणत्याही औषधाने थांबत नाही. त्याला सामू आणि क्लोरीन आटोक्यात ठेवणे हाच उपाय.

दुसरा शत्रू बुरशी. सतत भिजणाऱ्या पट्ट्यांना मृदू कुज लागते. ब्रिटनमधल्या कूलिंग टॉवरच्या लाकडाच्या अभ्यासातून 1950च्या दशकात ती वेगळी ओळखली गेली. पंख्याखालच्या दमट, पण थेट न भिजणाऱ्या तुळया आतून कुजतात. बाहेरून त्या धडधाकट दिसतात, म्हणून तपासणीत टोच्या खुपसून पाहावे.

आता जात. सागाचा गाभा टिकतो तो त्यातल्या नैसर्गिक रक्षक द्रव्यांमुळे. बाहेरच्या पांढऱ्या लाकडात ती जवळजवळ नसतात. बिजाच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी रंगते, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. सागाची द्रव्ये तशी चटकन सुटत नाहीत, पण वर्षानुवर्षांच्या कोमट धारेखाली तीही घटतात. त्यात अडचण अशी की सागाचा गाभा बाहेरचे औषध फारसे आत घेत नाही. उलट चीडसारखे मुळात कमी टिकाऊ लाकूड दाबाखाली औषध खोलवर शोषते. तांबे, क्रोम व आर्सेनिकचे असे औषध सोंटी कामेशम यांनी 1933 मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सिद्ध केले. ते तंतूंना घट्ट धरते व सहजी धुपत नाही, म्हणून जगभर कूलिंग टॉवरसाठी वापरले गेले.

माझे मत असे: भिजणाऱ्या पट्ट्यांसाठी दाबाने औषध भरलेले चीड, सांगाड्यासाठी सागाचा निव्वळ गाभा. कापणे, भोके पाडणे ही कामे औषधाआधीच उरकावीत. नंतर पाडलेले भोक म्हणजे बुरशीला उघडे दार. बोल्ट साध्या लोखंडाचे नकोत. कूलिंग टॉवरच्या लाकडासाठी भारतीय मानक आयएस 2372 आहे; खरेदीपत्रात त्याचा उल्लेख करावा. पाण्याचा सामू सांभाळण्याची तयारी नसेल, तर लाकडाच्या भानगडीत न पडता प्लॅस्टिकचा भराव घ्यावा.

आणि एक विनंती: टॉवरमधून काढलेल्या जुन्या पट्ट्या कामगारांना चुलीसाठी देऊ नका. त्यांच्या धुरात आणि राखेत आर्सेनिक असते.