रामगडच्या वळणावर पाच इंच रबर

1978 साल. चतुर्थीला दोन दिवस उरलेत. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला होणार आहे; आज तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यातच आहात. कोकण रेल्वे यायला अजून वीस वर्षे आहेत. म्हणून मुंबईहून घरची प्रीमियर पद्मिनी घेऊन निघालात, रात्री कणकवलीला थांबलात आणि आता आचऱ्याच्या रस्त्याला लागला आहात. मागे तिघे, डिकीत गणपतीच्या माटवीचे सामान, हातात पातळ, मोठे स्टेअरिंग आणि त्याच्याखाली गियरची दांडी.

पहिले काही किलोमीटर गाडी धडधडते. घाबरू नका. नायलॉन धाग्यांचा टायर रात्रभर एका जागी उभा राहिला, की जमिनीला टेकलेला भाग चपटा होऊन बसतो. चालून गरम झाला, की पुन्हा गोल होतो. टायरच्या कडेला 5.20-14 असे लिहिलेले आहे: रुंदी सव्वापाच इंचांच्या आत, रिम 14 इंची. रिमपासून रस्त्यापर्यंत उभी असलेली रबराची भिंत साधारण पाच इंच, म्हणजे टायर जवळजवळ रुंद तितकाच उंच.

कणकवलीहून निघताना तुम्ही गाडी मऊ चालावी म्हणून हवा कमी करायला सांगितलीत, तेव्हा पंक्चर काढणारे म्हातारबा म्हणाले होते, ‘‘झिला, हवा कमी करू नको. वळणार गाडी झोपतली.’’

रामगडच्या अलीकडे त्यांचे म्हणणे पटते. पाऊस नुकताच उघडलाय, जांभ्याची लाल माती डांबरावर उतरली आहे. तुम्ही स्टेअरिंग डावीकडे फिरवता आणि क्षणभर काहीच घडत नाही. आधी रिम सरकते, मग उंच भिंत कलते आणि शेवटी रस्त्याला चिकटलेले रबर पीळ घेते. गाडीला वळवणारे बळ त्या पिळातून येते. भिंत उंच आणि हवा कमी, की हा क्षण लांबतो. शिवाय या टायरचे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरके, एकमेकांवरून गेलेले असतात. भिंत वाकली, की ती तळालाही ओढते आणि तळाची एक बाजू रस्त्यावरून सुटायला बघते.

पण टायर निसटण्याआधी कुरकुरतो, स्टेअरिंग हलके होते, तुम्ही पाय सैल सोडता, गाडी सावरते. पुढच्या मोरीवर खड्डा येतो, तो या भिंतीत जिरतो. मागचा सलग एक्सल पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेला. त्याला एकट्याला हे झेपले नसते. या गाडीत टायर सस्पेन्शनचाच भाग आहे, असे माझे ठाम मत आहे.

आता आणखी 14 वर्षे मागे आणि समुद्रापार चला. 1964, अमेरिकेतल्या डेट्रॉइटची वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू. तुम्ही पॉन्टियाक जीटीओत बसला आहात. 389 घनइंच, म्हणजे जवळपास 6.4 लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन. आपल्या पद्मिनीचे 1089 सीसी. टायर मात्र त्याच वंशातले, 7.50-14, भिंत साडेसहा इंचांच्या आसपास. सिग्नल सुटतो, मागची भिंत दबून सुरकुतते, रस्त्याला पकडते आणि गाडी सरळ झेपावते. सरळ रस्त्यावर उंच भिंत मदतच करते. वळण आले, की नाक बाहेर जाऊ लागते. अशा मसल कारच्या हौशी लोकांनी पुढे मोठ्या रिमा आणि बुटके टायर घातले, ते यासाठीच. आणि गुळगुळीत रस्त्यावर ते योग्यही आहे.

पुन्हा आचऱ्याला या, आजच्या दिवसात. तिठ्यावर जुनी, प्रेमाने सजवलेली पद्मिनी घेऊन तुम्ही उभे आहात आणि कुणीतरी 15 इंची अ‍ॅलॉयवर 195/50 टायर सुचवतो. हिशेब करा. मूळच्या 14 इंची रिमवर बसणाऱ्या 155/80 आर 14 ची भिंत 124 मिलिमीटर, पूर्ण चाक 604 मिलिमीटर. 195/50 आर 15 ची भिंत साडेसत्त्याण्णव, चाक 576. गाडी 14 मिलिमीटर खाली बसते, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवू लागतो, रुंद रबरामुळे जड झालेले स्टेअरिंग उभ्या गाडीत दोन्ही हातांनी ओढावे लागते आणि मोरीवरचा खड्डा थेट रिमला लागतो. वळणावर गाडी चटकन ऐकते खरी, पण पकड सुटताना ती पूर्वीसारखी लांबून सांगत नाही.

जुन्या गाडीला हवी असते ती वेगळी बांधणी. रेडियलमध्ये धागे कडेपासून कडेपर्यंत आडवे सरळ जातात आणि तळाला स्वतंत्र पोलादी पट्टा असतो. भिंत वाकली तरी तळ रस्त्यावर सपाट राहतो. मिशेलिनने हा टायर 1940 च्या दशकातच आणला होता. आपल्या रस्त्यांवर तो रुळायला फार वर्षे गेली.

तेव्हा रिम 14 चीच ठेवा आणि चारही टायर रेडियल घाला. एका एक्सलवर जुना आणि नवा प्रकार कधीच मिसळू नका. भिंतीवरचा चार अंकी आकडा वाचा, त्यातले शेवटचे दोन अंक टायर कोणत्या वर्षी बनला ते सांगतात. आणि कणकवली सोडण्याआधी, टायर थंड असताना, हवा तपासून घ्या.