अॅथलेटिक्स सांख्यिकी आणि सौदी अरेबियाचे विक्रम

धावणे, उडी आणि फेक या प्रकारांतील कामगिरीची नोंद, पडताळणी व क्रमवारी करणाऱ्या अभ्यासकास अॅथलेटिक्स सांख्यिकीकार म्हणतात. हे काम बहुधा चरितार्थाचा व्यवसाय सांभाळून, आवडीपोटी केले जाते. अभियंत्याला ते परके वाटत नाही. उपकरणाची मर्यादा ओळखणे आणि मोजमापातील त्रुटीचा हिशेब ठेवणे हे त्याच्या नित्याच्या कामाचेच अंग असते. १९५० साली युरोपीय स्पर्धांच्या निमित्ताने ब्रुसेल्स येथे या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. इटलीचे रॉबर्टो क्वेर्चेतानी तिचे पहिले अध्यक्ष होते.

नोंदीचे निकष

आकडा किती, याइतकेच तो कसा मिळाला हेही महत्त्वाचे असते. हाताच्या घड्याळावरील वेळ स्वयंचलित वेळेशी ताडताना २०० मीटरपर्यंतच्या शर्यतींत ०.२४ सेकंद, तर ४०० मीटरसाठी ०.१४ सेकंद मिळवण्याचा प्रघात आहे. १९७७पासून ४०० मीटरपर्यंतच्या जागतिक विक्रमांसाठी स्वयंचलित वेळच ग्राह्य धरली जाते. लांब उडीत पाठीमागून येणारा वारा सेकंदाला २.० मीटरहून अधिक असल्यास, अथवा वाऱ्याची नोंदच नसल्यास, उडी विक्रमास पात्र ठरत नाही. वाऱ्याचा एक आकडा लिहायचा राहिला, तर खेळाडूचे अनेक वर्षांचे श्रम विक्रमाच्या यादीबाहेर राहू शकतात.

सौदी अरेबियातील उदाहरणे

हादी सौआन अल-सुमैली याने २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळा शर्यत ४७.५३ सेकंदांत पूर्ण करून रौप्यपदक मिळवले. सौदी अरेबियाचे हे पहिले ऑलिंपिक पदक होय. विजेत्या अँजेलो टेलरची वेळ ४७.५० सेकंद होती. शर्यतीच्या सरासरी वेगाने मोजल्यास ०.०३ सेकंदाचे हे अंतर सुमारे २५ सेंटिमीटर भरते. सुवर्ण हुकले, तरी ती वेळ आशियाई विक्रम म्हणून २०१८पर्यंत टिकली. त्या वर्षी कतारच्या अब्दररहमान सांबाने तो विक्रम मोडला आणि पुढे पॅरिस येथे ४६.९८ सेकंदांपर्यंत मजल मारली.

सुलतान अल-हेबशी याने २००९मध्ये दोहा येथे गोळा २१.१३ मीटर फेकून आशियाई विक्रम नोंदवला. तो १२ वर्षांनी, जून २०२१मध्ये, पतियाळा येथे भारताच्या तजिंदरपाल सिंग तूरने २१.४९ मीटर फेक करून मोडला. मोहम्मद अल-खुवालिदीची २००६मधील ८.४८ मीटरची लांब उडीही आशियाई विक्रम ठरली. २०२३मध्ये भारताच्या जेस्विन ऑल्ड्रिनने ८.४२ मीटर उडी मारली. ती या विक्रमापेक्षा ६ सेंटिमीटरने कमी होती.

महत्त्व

दोहा आणि पतियाळा येथील फेकींत बारा वर्षांचे अंतर आहे. स्पर्धा, हवामान आणि प्रतिस्पर्धी वेगळे आहेत. तरीही त्यांची तुलना करता येते, कारण गोळा दोन्ही ठिकाणी ७.२६ किलोग्रॅमचाच आणि मोजणीचे नियमही तेच होते. ही समानता दर वेळी तपासून घेणे हेच सांख्यिकीकाराचे काम. त्यात कसूर झाली, तर जुन्या खेळाडूचा मान अकारण जातो किंवा नव्याला न मिळवलेला मान मिळतो.