राज्यकारभाराचें शिक्षण आणि गांवचा पार

राजकारण आणि राज्यकारभार हे दोन शब्द आपण पुष्कळदां एकाच अर्थानें वापरतों. परंतु त्यांतील अंतर मोठें आहे. निवडणूक कोण जिंकणार, कोणत्या पक्षाचा कोण कोणास जाऊन मिळाला, हें राजकारण होय. पाटाचें आवर्तन कोणत्या नियमानें सुटतें, पाणीपट्टी कोण ठरवितो, जिल्हा परिषदेकडे येणारा पैसा कोठून येतो व कोठें जातो, हा राज्यकारभार होय. पहिल्याविषयीं बोलण्यास आपल्या लोकांस कोणी शिकवावें लागत नाहीं. दुसऱ्याविषयीं मात्र शिकलेल्या घरांतही थोडें मौनच असतें. विद्यापीठांनीं आपल्या चार भिंतींबाहेर येऊन सामान्य जनांपुढें राज्यकारभारावर व्याख्यानें द्यावींत, ही कल्पना हें मौन मोडण्याकरितां निघाली. तिचा आमच्या प्रांतांतील इतिहास एका विशिष्ट ठिकाणाहून पाहावा, असें आम्हांस वाटतें. तें ठिकाण म्हणजे बारामती तालुक्यांतील पणदरें आणि त्याच्या भोंवतालचा नीराकांठ.

पणदरेंच कां, असें वाचक विचारतील. हा तालुका राजकारणाविषयीं उदासीन आहे असें कोणीच म्हणणार नाहीं. त्यानें १९७८ सालीं राज्यास मुख्यमंत्री दिला, आणि विधानसभेच्या चर्चा येथील पारावर ऊंसतोडणीच्या गप्पांइतक्याच सहजपणें चालतात. म्हणूनच राजकारणाचें ज्ञान आणि राज्यकारभाराचें ज्ञान यांतील अंतर येथें जितकें स्पष्ट दिसतें, तितकें अन्यत्र क्वचितच दिसेल. शिवाय या मुलुखाचा आणि व्याख्यानपीठाचा संबंध फार जुना आहे. मात्र तो आरंभीं भेटीचा नसून चुकामुकीचा होता.

१८७५ सालच्या उन्हाळ्यांत पुणें जिल्ह्यांत दोन गोष्टी घडल्या. पुण्यांत माधवराव रानडे यांच्या पुढाकारानें वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. सुशिक्षितांनीं सार्वजनिक प्रश्नांवर मराठींत विचारपूर्वक बोलावें व इतरांनीं तें ऐकावें, हा तिचा हेतु. त्याच उन्हाळ्यांत, १२ मे रोजीं, सुपें येथें बाजारच्या दिवशीं शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. सुपें तेव्हां भीमथडी तालुक्यांत मोडे. आज तें बारामती तालुक्यांत आहे. त्या जमावास मुख्यतः हवी होतीं तीं कर्जखतें. जेथें कागद मुकाट्यानें हातीं आले, तेथें बहुधा तेवढ्यावरच निभावलें. दंगा पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला, सरकारनें चौकशी मंडळ नेमलें, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

या दोन घटनांचा एकमेकींशीं प्रत्यक्ष संबंध कांहीं नव्हता. पण त्या शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट लक्षांत येते. शेजारच्या इंदापूर तालुक्यांत इंग्रजी अमलांतील जमीनधाऱ्याची नवी पद्धति १८३६ सालीं प्रथम लागू झाली होती, आणि तीस वर्षांनीं सारा नव्यानें आकारला गेला. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें चढलेला कापसाचा भाव युद्ध संपतांच उतरला. कोर्टांत कागद दाखवितांच जमीन सावकाराकडे जाऊं लागली. सारा, भाव आणि कोर्ट या तीन यंत्रांनीं शेतकऱ्याचें आयुष्य घेरलें होतें. आणि या यंत्रांपैकीं एकाचीही घडण त्यास कोणी समजावून दिली नव्हती. जें यंत्र कळत नाहीं, त्याच्यावर मनुष्य वाद घालीत नाहीं. तो त्याचे कागद जाळतो. सुप्याच्या होळीचा हा अर्थ आम्ही करतों.

रानड्यांना हें ठाऊक नव्हतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांच्या सार्वजनिक सभेनें दंग्याच्या आधींच शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी चालविली होती; १८७६-७७ च्या दुष्काळांत सभेचे लोक गांवोगांव फिरून हकीकती गोळा करीत होते; आणि पुढें स्वतः रानडे त्याच शेतकरी-कायद्याखालील न्यायाधीश म्हणून खेड्यापाड्यांतून हिंडले. परंतु माहिती खेड्यांतून शहराकडे येई आणि अर्ज शहरांतून सरकारकडे जाई. खेड्याकडे परत कांहीं जात नसे. व्याख्यान पुण्यांत, दुःख सुप्यांत, अशी ती वांटणी होती.

ही वांटणी ज्यांनीं मोडूं पाहिली, त्यांत पहिलें नांव जोतीराव फुल्यांचें घेतलें पाहिजे. 'शेतकऱ्याचा असूड' हें पुस्तक त्यांनीं १८८३ सालीं लिहून पुरें केलें. पण त्याचे भाग त्यांनीं मुंबई-पुण्याप्रमाणेंच जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणीं लोकांपुढें वाचून दाखविले होते. सारा, जंगलखातें, पाटबंधारे, शाळाखातें आणि या सर्वांतील नोकरशाही, हा त्या ग्रंथाचा विषय. म्हणजे राज्यकारभारावरची व्याख्यानमालाच ती. मात्र तिला विद्यापीठ नव्हतें, सभागृह नव्हतें, आणि श्रोते ज्याविषयीं ऐकत होते तें स्वतः भोगीत होते. जोतीरावांच्या सर्व मतांशीं कोणी सहमत होवो वा न होवो, व्याख्यानानें कोठें जावयाचें हें त्यांस बरोबर कळलें होतें.

विलायतेंत याच सुमारास विद्यापीठांसही तें कळूं लागलें होतें. केंब्रिज येथील जेम्स स्टुअर्ट यांनीं उत्तरेकडील शहरांत स्त्रियांपुढें व कामकऱ्यांपुढें व्याख्यानें दिलीं, आणि १८७३ सालीं केंब्रिज विद्यापीठानें तो उपक्रम आपला म्हणून पत्करला. डेन्मार्कांत तर त्याही आधीं, १८४४ पासून, शेतकऱ्यांच्या तरुण मुलांकरितां लोकविद्यालयें निघालीं होतीं. पुढें तेथील सहकारी दुग्धालयें ज्यांनीं चालविलीं, त्यांच्यांतील पुष्कळजण या विद्यालयांतून गेलेले होते.

आमच्याकडे या कामास शास्त्रीय बैठक मिळाली ती १९३० सालीं. सातारचे रावबहादूर रावजी रामचंद्र काळे यांच्या देणगीतून पुण्यास गोखले अर्थशास्त्र-राज्यशास्त्र संस्था निघाली व धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. काळ्यांच्या स्मरणार्थ तेथें वार्षिक व्याख्यान सुरू झालें. त्या मालेंत २९ जानेवारी १९३९ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं 'फेडरेशन व्हर्सस फ्रीडम' हें व्याख्यान दिलें. १९३५ च्या कायद्यानें जें संघराज्य योजिलें होतें त्याची त्यांनीं फोड केली. संस्थानांचे प्रतिनिधि तेथील प्रजा निवडणार नसून संस्थानिक नेमणार, मग अशा संघानें स्वातंत्र्य जवळ येणार कीं दूर जाणार, हा त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न केवळ पंडितांचा आहे असें ज्यांस वाटेल, त्यांनीं पणदऱ्याहून दक्षिणेकडे नीरेपर्यंत जावें. नदीच्या अलीकडे इंग्रजी मुलूख होता, पलीकडे फलटणचें संस्थान. एकच बोली, एकच पीक, एकमेकांत सोयरिकी; परंतु १९३७ सालीं मुंबई प्रांताच्या विधिमंडळाची निवडणूक झाली तेव्हां अलीकडच्या तीरावरील, मताचा हक्क असलेला शेतकरी मत देऊन आला, आणि पलीकडच्या तीरावरील त्याचा सोयरा संस्थानची प्रजा म्हणून घरीं राहिला. पुण्याच्या गोखले सभागृहांत जो घटनात्मक पेंच उलगडला जात होता, तो नीरेच्या पात्रांत पायांनीं ओलांडतां येत होता. महायुद्ध सुरू झाल्यावर ती संघयोजना बारगळली, आणि १९४८ सालीं फलटण मुंबई प्रांतांत विलीन झालें. तथापि तें व्याख्यान नीराकांठच्या एखाद्या पारावर झालें असतें, तर श्रोत्यांना दाखला शोधीत हिंडावें लागलें नसतें.

विद्वत्ता आणि खेडें यांची भेट झाल्यास काय होतें, याचें उत्तम उदाहरण गाडगीळांनींच घालून दिलें. त्यांच्या संस्थेनें गोदावरी व प्रवरा कालव्यांपासून होणाऱ्या लाभांची पाहणी केली. ती १९४८ सालीं प्रसिद्ध झाली. त्याच प्रवराकांठीं लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व त्यांचे सोबती शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारीत होते. गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले, आणि १९५० सालच्या अखेरीस तेथें गळीत सुरू झालें. पुढें नीराकांठीं माळेगांवास निघालेला कारखाना त्याच परंपरेंतला. अर्थशास्त्रज्ञ शेतकऱ्यांच्या सभेंत बसला. शेतकऱ्यांनीं त्यास ताळेबंदाविषयीं विचारलें व त्यानें त्यांस ऊंसाविषयीं विचारलें. एकेरी व्याख्यानापेक्षां हें पुष्कळ पुढचें पाऊल होतें.

१९४९ सालीं पुणें विद्यापीठ स्थापन झालें व डॉ. मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरु झाले. या विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळानें 'डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला' पुणें, नगर व नाशिक जिल्ह्यांतील महाविद्यालयांत व गांवोगांवीं नेली, हें काम निःसंशय मोलाचें आहे. त्यानंतर कारभाराचें स्वरूपही पालटलें. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. १९९३ सालीं घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीनें ग्रामसभेस घटनेंत स्थान मिळालें. आणि २०११ सालीं या राज्यानें स्थानिक संस्थांतील अर्ध्या जागा स्त्रियांकरितां राखल्या. म्हणजे ज्या श्रोत्यापुढें आज राज्यकारभारावर बोलावयाचें, तो १८७५ मधील श्रोता राहिला नाहीं. त्याच्यांत कोणी सरपंच आहे, कोणी सोसायटीचा पंच आहे. आणि कोपऱ्यांत पदर सांवरून बसलेली बाई कदाचित् पंचायत समितीची सभासद आहे.

अशा श्रोत्यांपुढें आजची व्याख्यानें कशीं होतात? आमचें निरीक्षण असें कीं, वक्ता बहुधा चांगला असतो, पण विषय बहुधा दूरचा असतो. थोर पुरुषांचीं चरित्रें, व्यक्तिमत्त्वाचा विकास, जीवन सुंदर कसें करावें, हे विषय वाईट नव्हेत. त्यांनीं दोन घटका मन प्रसन्न होतें. परंतु ज्या गांवाचें सारें जीवन १८७६ च्या दुष्काळांत खोदण्यास घेतलेल्या नीरा डाव्या कालव्यावर उभें आहे, त्या गांवीं पाटबंधाऱ्यांच्या कायद्यावर व्याख्यान होऊं नये, याचें आश्चर्य वाटतें. तो कायदा १८७९ सालीं झाला आणि १९७६ सालीं बदलला. या दोन कायद्यांच्या दरम्यान बागायती पट्टा आणि जिरायती पट्टा असे एका तालुक्याचे दोन तुकडे कसे झाले, पणदऱ्यास ऊंस आणि सुप्याकडे बाजरी ही वांटणी निसर्गाची किती व शासनाची किती, हा विषय राज्यशास्त्राचा नव्हे काय? शेजपाळीची यादी प्रत्येक पाटकऱ्यास पाठ असते. ती कोणत्या अधिकारानें बनते, हें बहुधा कोणास ठाऊक नसतें.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, असे विषय रूक्ष आहेत, लोक बसणार नाहींत. आम्हांस हें पटत नाहीं. बारामती ही मोरोपंतांची कर्मभूमि; संस्कृतप्रचुर आर्यांचा अर्थ लावीत रात्र जागविणाऱ्या लोकांस कठीण विषयाचें भय नसतें, परक्या विषयाचें असतें. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. राज्याच्या राजकारणावर बोलावयाचें तर सत्ताधाऱ्यांवर बोलावें लागतें; आणि खेड्यांत सभागृह, सतरंजी व ध्वनिक्षेपक ज्यांच्याकडून येतात, ते बहुधा कोणत्या ना कोणत्या सत्तेचे मानकरी असतात. यजमानाच्या घरीं यजमानाचा हिशेब मागणें वक्त्यास अवघड जातें. म्हणून विषय सौम्य होतात, आणि सत्काराचे हार व्याख्यानाहून लांब होतात. हा दोष कोणा एका गांवाचा अथवा पक्षाचा नव्हे. तो सर्वत्र आहे. परंतु विद्यापीठाचें नांव येथेंच उपयोगीं पडावें. विद्यापीठानें विषय ठरवावा, वक्ता पाठवावा, खर्च सोसावा. गांवानें केवळ श्रोते द्यावेत. ज्या व्याख्यानाचें कोणी उपकार मानावयाचे नाहींत, तेंच मोकळेपणानें होऊं शकतें.

आणखी एक गोष्ट. पुराण आणि व्याख्यान यांत एक मूलभूत भेद आहे. पुराण ऐकून पुण्य लाभतें. तेथें शंका काढणें शिष्टाचारास सोडून होतें. व्याख्यान शंकेकरितांच असतें. आमच्याकडे मात्र व्याख्यानही पुराणासारखें ऐकण्याची संवय पडली आहे. वक्ता बोलतो, टाळ्या होतात, आभार मानले जातात, दिवे मालवतात. राज्यकारभारावरील व्याख्यानांत अर्धा वेळ प्रश्नांस द्यावा, आणि ज्या प्रश्नांचें उत्तर वक्त्याजवळ नसेल ते त्यानें टिपून विद्यापीठांत न्यावेत. तेथील अभ्यासकांस त्यांतून संशोधनाचे असे विषय मिळतील, जे ग्रंथालयांत बसून सुचत नाहींत.

सुप्यास ज्यांनीं कागद जाळले, त्यांस तो कागद वाचतां येत नव्हता. आज नीराकांठचें प्रत्येक मूल वाचूं शकतें. पाणीवाटपाचा आदेश, पंचायतीचें अंदाजपत्रक, कारखान्याचा अहवाल हीं सर्व मराठींत छापलेलीं असतात व बहुधा न वाचतांच फायलींत जातात. तीं वाचावयाचीं कशीं, हें शिकविणें हीच आमच्या मतें विद्यापीठाच्या लोकव्याख्यानांची खरी कसोटी आहे. पुण्याच्या व्याख्यानपीठास सुप्याचें एक जुनें देणें लागतें, आणि तें फेडण्यास पणदऱ्यासारख्या गांवाचा पार पुरेसा आहे.