चहापाण्याचा इतिहास

सोमवारी एका सरकारी कचेरीत मी दोनशे रुपये दिले. साहेब काही बोलले नाहीत, शिपाई फक्त "चहापाण्याचं बघा" म्हणाला. रात्री सहज वाचत बसलो होतो, तेव्हा कळलं की हाँगकाँगमध्येही लाचेला 'चहाचे पैसे'च म्हणायचे! १९६०च्या दशकात तिथे हॉस्पिटलातल्या आया पेशंटला पाणी द्यायलासुद्धा पैसे मागत. बंबवाले तर आग विझवण्याआधी.

मग १९७३ साली पीटर गॉडबर या बड्या ब्रिटिश पोलीस अधिकाऱ्याकडे ४३ लाख हाँगकाँग डॉलर्सची माया सापडली. खुलासा करायला आठवडा मिळाला, तर हा पठ्ठ्या विमानतळाचा पोलीस पास वापरून पसार! लोक भडकले. भ्रष्टाचारविरोधी शाखा पोलीसखात्यातच होती. म्हणजे आपलाच कोड आपणच टेस्ट करायचा, बग सापडणार कसा? शेवटी गव्हर्नर मॅक्लिहोज यांनी फेब्रुवारी १९७४मध्ये 'आयसीएसी' ही वेगळी संस्था काढली, थेट गव्हर्नरला जबाबदार. तिचे विभाग तीन: तपास, सरकारी कामातल्या पळवाटा बुजवणं आणि लोकशिक्षण. १९७५मध्ये गॉडबरला परत आणलं, चार वर्षांची शिक्षा झाली.

पण खरी गंमत पुढेच आहे. ऑक्टोबर १९७७मध्ये पोलिसांनीच मोर्चा काढला, काही जण आयसीएसीच्या ऑफिसात घुसले. आणि आठवडाभरात गव्हर्नरने १९७७पूर्वीचे बहुतेक गुन्हे माफ करून टाकले! वाचून चीड आली. मग वाटलं, अख्खं खातंच बरबटलेलं असेल तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते. आयसीएसी टिकली ती त्या रेघेमुळे.

आपल्याकडे? लोकपाल विधेयक संसदेत पहिल्यांदा आलं १९६८ला, कायदा झाला २०१३ला, पहिले लोकपाल नेमले २०१९ला. लोकायुक्त नेमण्यात मात्र महाराष्ट्र पहिला. असो.

२०१८च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे लाच देणं हाही सरळ गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल आणि सात दिवसांत तक्रार केली, तरच देणारा सुटतो. आता खरं सांगायचं तर शिपायाने जबरदस्ती केली नव्हती. मला ऑफिसला जायची घाई होती, बस्स.

आज शनिवार. दोन दिवस उरलेत... आणि तक्रारीत नेमकं काय लिहायचं, हेच सुचत नाहीये.