जुन्या गाडीचे वायपर : बिघाड कसा ओळखावा?

मृग लागण्याच्या सुमारास वळवाची पहिली जोरदार सर येते आणि शिंदखेडा परिसरातील अनेक जुन्या गाड्यांचे वायपर दगा देतात. याचे कारण या भागाच्या हवामानातच आहे. धुळे जिल्ह्यातील हा तालुका अवर्षणप्रवण असून पावसाळा सरल्यानंतर वायपरला सात-आठ महिने काहीच काम नसते. या काळात खानदेशातील कडक ऊन ब्लेडचे रबर कडक करते, बारीक धूळ त्याच्या कडेत रुतून बसते आणि आर्म ज्या दांड्यावर फिरतो त्याचे ग्रीस सुकून जाते. येथील वायपर वापराने झिजण्याऐवजी पडून राहूनच अधिक बिघडतात. त्यामुळे मोटार जळाली असे ठरवून ती बदलण्यापूर्वी साध्या गोष्टी तपासणे शहाणपणाचे ठरते.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. नरडाण्याजवळ मुंबई-आग्रा महामार्गाला लागल्यावर पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेले गढूळ पाणी काचेवर येते. रात्रीच्या वेळी समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश अशा माखलेल्या काचेवर पसरला, की काही क्षण रस्ता दिसेनासा होतो.

तपासणीची सुरुवात ब्लेडपासून करावी. काचेवर पाण्याच्या बारीक रेघा राहत असतील तर रबराची कड फाटलेली किंवा धुळीने भरलेली असते. ओल्या फडक्याने कड पुसून पाहावी. रेघा गेल्या तर काम झाले. रबराला भेगा दिसत असतील, किंवा बोटाने वाकवल्यावर ते पूर्ववत होत नसेल, तर ब्लेड बदलण्यास पर्याय नाही. रॉकेल किंवा पेट्रोलने रबर पुसण्याची सवय अनेकांना असते. त्याने रबर आणखी लवकर खराब होते. संपूर्ण काचेवर तेलकट थर पसरत असेल तर दोष बहुधा ब्लेडचा नसून काचेचा असतो. धुराचा आणि पॉलिशचा थर साध्या पाण्याने जात नाही. काच साबणाच्या पाण्याने दोनदा धुऊन कोरडी करावी. पूर्वी ट्रकचालक वायपर बंद पडल्यावर काचेवर ओली तंबाखू चोळत. त्यामुळे पाण्याचे थेंब न राहता पातळ पडदा पसरतो आणि थोडा वेळ निभावते. मात्र तो वेळ मारून नेण्याचा उपाय आहे, वायपरची जागा तो घेऊ शकत नाही.

ब्लेड नवे असूनही वायपर थरथरत, कटकट आवाज करत फिरत असेल तर आर्मकडे पाहावे. वायपर जाताना रबराची कड एका बाजूला झुकते आणि परतताना दुसऱ्या बाजूला उलटते. आर्म किंचित पिळला गेला असेल तर ही कड एका दिशेने नीट सरकते आणि परतीच्या फेरीत उड्या मारते. म्हणूनच थरथर एकाच दिशेने होते की दोन्ही, हे आधी पाहावे. ब्लेड काढून पाहिल्यास आर्मचे टोक काचेला समांतर असायला हवे. नसेल तर पकडीने अगदी थोडा पीळ देऊन ते सरळ करता येते. मधलाच पट्टा न पुसता राहत असेल तर ब्लेडची पट्टी वाकलेली किंवा आर्मची स्प्रिंग सैल असते. ब्लेड काढलेला आर्म हातातून सुटून आपटला, तर काच तडकू शकते. त्यामुळे काम करताना काचेवर जाड कापडाची घडी ठेवावी.

वायपर मुळीच हलत नसतील तर प्रथम फ्यूज पाहावा. जळालेल्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळणे किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज बसवणे टाळावे. वायपर जाम असताना तसे केल्यास वायरिंग जळू शकते. फ्यूज ठीक असेल तर बारा व्होल्टच्या टेस्ट लॅम्पने मोटारीपर्यंत वीज पोहोचते का, ते तपासावे. वीज येत असूनही मोटार फिरत नसेल तर तिचे अर्थिंग पाहावे. जुन्या गाडीत अर्थिंगचा स्क्रू गंजलेला असतो आणि तो खरवडून घट्ट केल्यावर बंद मोटार चालू झाल्याचा अनुभव नवा नाही.

मोटारीचा आवाज येतो पण वायपर हलत नाहीत, किंवा दोनपैकी एकच फिरतो, अशा वेळी विजेचा संबंध नसतो. आर्मचा नट सैल झालेला असतो किंवा मोटार आणि आर्म यांना जोडणाऱ्या दांड्याचे प्लास्टिकचे बुश निसटलेले असते. संथ फिरणाऱ्या वायपरची परीक्षा वेगळी आहे. हा दांडा मोटारीपासून सोडवून मोटार एकटी चालवावी. ती वेगाने फिरली तर दोष सुकलेल्या ग्रीसचा; गंजरोधक तेल सोडून, दांडा मोकळा करून नवे ग्रीस भरावे. ती एकटीही संथच फिरली तर बॅटरी, अर्थिंग आणि शेवटी मोटारीचे कार्बन ब्रश तपासावेत. दोनपैकी एकच वेग चालत असेल तर ब्रश किंवा स्विच संशयास्पद ठरतो. बंद केल्यावर वायपर काचेच्या मध्येच थांबत असतील तर मोटारीच्या गिअरपेटीतील थांबवणाऱ्या स्विचचे संपर्क खराब झालेले असतात.

पाण्याचा फवारा येत नसल्यास बहुधा बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने छिद्र बुजलेले असते. ते बारीक सुईने मोकळे करावे व टाकीत यापुढे गाळलेले, शक्यतो कमी क्षाराचे पाणी भरावे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०१ व्या नियमानुसार पुढच्या काचेच्या वाहनाला यंत्रशक्तीवर चालणारा कार्यक्षम वायपर आवश्यक आहे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणास येते, तेव्हा हे विसरून चालत नाही. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. ब्लेड खरेदी करताना केवळ गाडीचे नाव न सांगता जुने ब्लेड सोबत न्यावे आणि त्याची लांबी व आर्मला अडकण्याची खाच जुळवून पाहावी. चालकाच्या आणि शेजारच्या बाजूचे ब्लेड काही गाड्यांत सारख्या लांबीचे नसतात.