अवयवांचा एक जुना वाद

शाळेत अवयव पाडताना ज्याला घाम फुटला नाही असा मनुष्य विरळा. परंतु या प्रश्नाने थोर पंडितांनाही चकविले आहे.

म हे समीकरणाचे मूळ असेल तर त्या पदावलीला क्ष − म ने भाग जातो, हे देकार्तने १६३७ साली मांडले. पुढे कलनशास्त्रात छेदाचे अवयव पाडण्याची गरज पडू लागली. तेव्हा क्ष⁴ + अ⁴ चे वास्तव अवयव पडतच नाहीत, असे लाइब्निट्सने १७०२ साली लिहिले. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द! १७१९ साली निकोलाउस बेर्नुलीने साधी युक्ती दाखविली: २अ²क्ष² मिळवा आणि तेवढेच वजा करा. (क्ष² + अ²)² − २अ²क्ष² ही दोन वर्गांची वजाबाकी झाली. तिचे अवयव शाळकरी पोरही पाडील.

गंमत अशी की, १७४२ च्या सुमारास याच बेर्नुलीने एक चतुर्घाती पदावली अभेद्य म्हणून पुढे केली, आणि ऑयलरने तिचेही अवयव पाडले!

अखेर १७९९ साली बावीस वर्षांच्या गाउसने प्रबंध लिहिला: वास्तव सहगुणकांच्या प्रत्येक बहुपदीचे एकघाती व द्विघाती अवयव पडतातच. गवंडीकाम, बागकाम करणाऱ्या बापाचा हा मुलगा. त्याने पूर्वसूरींच्या सिद्धतांतील उणिवा निर्भीडपणे दाखविल्या. त्याच्याही सिद्धतेत एक फट होती. ती १९२० साली बुजली.

या शास्त्रात अधिकार नावाचा नसतो, सिद्धतेचा असतो. म्हणूनच ते गवंड्याच्या पोराचेही आहे.